हॅमला मध आधीच चोळायचा म्हणे!

डिसेंबर लागला की अमेरिकेतल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅपवर तोच तो फॉरवर्ड परत फिरायला लागतो. ख्रिसमसच्या जेवणाला ग्लेझ्ड हॅम (डुकराच्या मांडीचं खारवलेलं मांस, वरून गोड चकचकीत थर म्हणजे ग्लेझ लावलेलं) करायचाय ना, मग म्हणे सुरुवातीलाच मध आणि ब्राउन शुगर दाबून चोळा म्हणजे गोडी आतपर्यंत मुरते, ओव्हन ४०० फॅरेनहाइटवर ठेवून तीन तास भाजा म्हणजे ज्यूस आत लॉक होतो, अननसाच्या चकत्या टोचा म्हणजे मांस मऊ पडतं, दर पंधरा मिनिटांनी ट्रेमधला रस वरून ओता, गुलाबी रंग गेला की झालं समजा आणि गरम आहे तोवरच कापा. सहाच्या सहा गोष्टी चुकीच्या, एवढी मेहनत ठरवून पण कोणी घेत नाही. आणि दर वर्षी सुनेच्या अमेरिकन आईवडिलांना पहिल्यांदाच जेवायला बोलावणारं कोणीतरी घर हे वाचून चांगला महागामोलाचा हॅम कोळसा करतं, म्हणून लिहितेय.

सगळ्यात आधी लेबल. फॉरवर्डमध्ये याचा उल्लेखच नाही आणि सगळा घोळ इथूनच सुरू होतो. इथल्या सुपरमार्केटमध्ये मिळणारे बहुतेक हॅम आधीच खारवलेले, धुरी दिलेले आणि शिजवलेले असतात, लेबलवर ‘फुली कुक्ड’ छापलेलं असतं. म्हणजे तुम्ही तो शिजवत नाही आहात, नुसता गरम करताय. अमेरिकेच्या कृषी खात्याचा आकडा आहे आतून १४० फॅरेनहाइट, म्हणजे ६० सेल्सियस, बस्स. लेबलवर ‘कुक बिफोर ईटिंग’ असेल तर मात्र तो कच्चा, तो १४५ फॅरेनहाइटपर्यंत न्यायचा आणि वर किमान तीन मिनिटं तसाच ठेवायचा. शिजलेल्या हॅमला ४०० वर तीन तास कशाला हवेत? ३२५ वर, कापलेली बाजू खाली, ट्रेमध्ये कपभर पाणी, वरून फॉइल घट्ट, पाउंडामागे साधारण १२ ते १५ मिनिटं. आठ पाउंडाचा तुकडा दोन तासांच्या आत होतो.

आता गोडी मुरण्याबद्दल. मुरत नाही हो! साखरेचे रेणू मांसात अतिशय हळू शिरतात, दोन तासांत जेमतेम वरच्या थरापर्यंत, त्यात हॅमवर चरबीचा जाड थर, त्यातून तर काहीच आत जात नाही. हॅमच्या आत जी चव असते ती कारखान्यात सुया टोचून मिठाचं पाणी आत सोडतात त्याची, तुमच्या मधाची नाही. मग सुरुवातीला चोळलेल्या मधाचं होतं काय, तर तो पहिल्या अर्ध्या तासात पातळ होऊन खाली ओघळतो, ट्रेमध्ये डांबर होऊन बसतो आणि घरातला स्मोक अलार्म कोकलायला लागतो. वर जो उरतो तो जळतो. मधात फ्रुक्टोज भरपूर, ते ११० सेल्सियसच्या आसपासच रंग धरायला लागतं, साधी साखर १६० च्या पुढे, आणि ४०० फॅरेनहाइट म्हणजे २०० सेल्सियसच्या वर. पुरणपोळी फुटून पुरण तव्यावर आलं की मिनिटभरात काय होतं ते आपल्याला कोणी सांगायला नको, इथे तेच तीन तास चालू ठेवायचं म्हणतायत.

ग्लेझ हा शेवटच्या अर्ध्या तासाचा खेळ आहे. हॅम आतून १२० फॅरेनहाइटच्या पुढे गेला की फॉइल काढायची, ओव्हन आता ४०० वर (इथे ४०० चालतं, कारण वेळ कमी आहे), ब्रशने ग्लेझ लावायचं, दहा मिनिटं, परत एक हात, परत दहा मिनिटं, आणि या वेळात ओव्हनसमोरून हलायचं नाही, फोन आला तरी. ग्लेझ आधी गॅसवर आटवून घ्यायचं, एकतारी पाकाच्या जरा अलीकडे, चमच्याला चिकटून राहील इतपत, नाहीतर तेही ओघळणार. मी ब्राउन शुगरच्या जागी गूळ घेते, कपभर किसलेला गूळ, दोन मोठे चमचे मोहरीचा सॉस, दोन चमचे व्हिनेगर, थोडी लवंगपूड, चिमूटभर तिखट. मीठ अजिबात नाही, हॅम मुळातच खारट. चिंचेचा कोळ पण मस्त लागतो, अमेरिकन पाहुणे विचारत बसतात आंबट कशाने आलंय म्हणून.

मोठ्या आचेने ज्यूस लॉक होतो ही थाप तर फारच जुनी. १८४० च्या दशकात युस्टुस फॉन लीबिग नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने हे मांडलं आणि तेव्हापासून स्वयंपाकघरातून ते जायचं नाव घेत नाही. नंतर लोकांनी वजनं करून बघितलं, आधी मोठ्या आचेवर भाजलेल्या मांसातून पाणी कमी जात नाही, तितकंच जातं किंवा जास्तच. तव्यावर मांस टाकलं की जो चर्र आवाज येतो तो बाहेर आलेलं पाणी उडतंय त्याचाच आहे, लॉक झालं असतं तर आवाज कुठून आला असता? वरून भाजायचं ते खमंग चवीसाठी आणि रंगासाठी. पाणी किती जाणार ते ठरतं आतलं तापमान कुठवर चढलं त्यावर, साधारण ६५ सेल्सियसच्या पुढे मांसाचे धागे आवळायला लागतात आणि रस पिळून बाहेर काढतात.

अननस. ताज्या अननसात ब्रोमेलेन नावाचं एन्झाइम असतं, त्याने मांस मऊ पडतं हे खरं. पण सगळे वापरतात डब्यातला, आणि डब्यातला अननस डबाबंद करताना तापवलेला असतो, त्यात ते एन्झाइम मेलेलं असतं. दिसायला छान, आंबटगोड लागतो, लावा खुशाल, मऊबिऊ काही होणार नाही.

दर पंधरा मिनिटांनी रस ओतायचा म्हणजे दर पंधरा मिनिटांनी ओव्हनचं दार उघडायचं, आतली गरमी बाहेर, वेळ वाढणार, आणि तो खारट रस लावलेलं ग्लेझ धुऊन नेणार. कोणाला सुचतं हे?

रंगाचं तर बोलूच नका. हॅम गुलाबी असतो तो खारवताना घातलेल्या नायट्राइट नावाच्या क्षारामुळे, कितीही शिजवला तरी गुलाबीच राहतो, त्यामुळे गुलाबी जायची वाट बघत बसलात तर नववर्ष उजाडेल. साध्या ताज्या पोर्क रोस्टलाही रंग बघून भागत नाही. अखंड तुकड्यांसाठी अमेरिकेत पूर्वी १६० फॅरेनहाइटचा नियम होता, २०११ मध्ये तो १४५ वर आणला, आणि १४५ ला मध्ये थोडा गुलाबी रंग दिसू शकतो, तो चालतो. थर्मामीटर घ्या, खोल मध्यभागी खुपसा, हाडाला टेकू देऊ नका, हाडाजवळ आकडा चुकीचा येतो.

आणि कापायची घाई नको. बाहेर काढल्यावरही आतलं तापमान काही अंश चढतंच, पंधरा-वीस मिनिटं थांबलं की रस जरा दाट होतो आणि सुरी फिरवल्यावर सगळा पाटावर वाहून जात नाही. फक्त वरून फॉइल घट्ट गुंडाळू नका, वाफेने ग्लेझची चिकट काच परत पाणचट होते, सैल टाकली तर टाका.

वसई-वांद्र्याकडे नाताळला ओटीजीमध्ये (विजेच्या छोट्या घरगुती ओव्हनमध्ये) छोटा तुकडा करणाऱ्यांसाठी एवढंच, की तिकडे वरचा रॉड मांसाच्या अगदी डोक्यावर असतो, त्यामुळे खालच्या खणात ठेवा आणि ग्लेझ लावल्यावर वरचा रॉड बंद करता येत असेल तर बंद करा, नाहीतर दहाच्या जागी पाच मिनिटांनीच बघायला लागा.