कुणीतरी करा रे काहीतरी!

आज सकाळी आमच्या गल्लीच्या तोंडाशी ड्रेनेजच्या चेंबरचं झाकण तुटून आत गेलं होतं आणि वर गुडघ्याच्या खाली पाणी, म्हणजे खड्डा आहे हे कळायलाच मार्ग नाही. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर साडेसातपासून फोटो. मग गॅलरीतून काढलेले व्हिडिओ. ‘प्रशासन झोपलंय का’, ‘कुणीतरी करा रे काहीतरी’, त्यावर अंगठे. आणि खाली त्याच पाण्यातून पोरं स्कूलव्हॅनकडे चाललेली! शेवटी कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याने त्याचं बाकडं ओढत आणलं, चेंबरवर आडवं टाकलं, लाल फडकं बांधलं. गिऱ्हाइकांचे कपडे त्याने सायकलच्या हँडलला टांगले आणि कामाला लागला.

राग अजून उतरलेला नाही म्हणून लिहितेय. या ग्रुपवरचे निम्मे लोक कुठे ना कुठे टीम लीड, मॅनेजर आहेत. गेल्याच महिन्यात एकाने लीडरशिप ट्रेनिंगचं सर्टिफिकेट टाकलं होतं, आपण सगळ्यांनी अभिनंदन केलं. हो, झाकण बसवणं महापालिकेचं काम, टॅक्स भरतो आपण, मान्य. अकरा वाजता त्यांची गाडी आलीही. पण साडेसात ते अकरा काय?

मला अशा वेळी आत्याच आठवते. 26 जुलै 2005. सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला तो दिवस. तिची लोकल विद्याविहार-घाटकोपरच्या मध्ये थांबली ती थांबलीच, अंधार पडत आला, मोबाईलला रेंज नाही, लेडीज डब्यात रडारड सुरू. आत्या साधी क्लार्क, आवाजही बारीक. तिने पर्समधली छोटी डायरी काढली आणि प्रत्येकीला नाव आणि घरचा नंबर विचारत सुटली. त्यानेच डबा शांत झाला म्हणे, आपलं नाव कुणीतरी लिहून घेतंय एवढ्याने.

आता जे सांगायचंय ते जरा नीट वाचा. 29 ऑगस्ट 2017 ला डॉ. दीपक अमरापूरकर प्रभादेवीला उघड्या मॅनहोलमध्ये पडून वारले. ते झाकण पाणी ओसरावं म्हणून तिथल्याच लोकांनी काढलं होतं, असं पोलिस तपासात पुढे आलं. 2020 च्या ऑगस्टमध्ये माटुंग्याला तुळशी पाईप रोडवर फुलं विकणाऱ्या एका बाईनेही अगदी हेच केलं, पाणी जावं म्हणून झाकण काढलं. पण ती तिथेच उभी राहिली. जवळपास 7 तास, भर पावसात, हात करून गाड्या वळवत, आणि तिचं स्वतःचं फूटपाथवरचं बिऱ्हाड त्याच पाण्यात गेलेलं. झाकण दोन्हीकडे निघालं हो, फरक फक्त ती तिथून हलली नाही एवढाच! तिला कुठल्या ट्रेनिंगला पाठवलं होतं?

आपण पोरांना काय शिकवतो? ‘तू कशाला मध्ये पडतोस.’ जिन्यातला बल्ब गेला तरी वॉचमनला सांग, वर्गात कुणाला त्रास देतायत तर तू लांब राहा, आणि मग तोच मुलगा पंचवीसचा झाला की त्याच्यात लीडरशिप क्वालिटी नाही म्हणून पैसे भरून कोर्स लावायचा. कुठून येणार ती क्वालिटी?

आत्याने डब्यातून उतरताना काय केलं तर एकेकीला नावाने काम दिलं. तू उंच आहेस, तू पुढे, छत्रीच्या दांड्याने पाणी बघत चल. तू आजींचा हात सोडायचा नाही. ‘कुणीतरी धरा गं आजींना’ म्हणाली असती तर आजी डब्यातच राहिल्या असत्या. घाटकोपरला एका दुकानात लँडलाईन चालू होता, दुकानदार एकापेक्षा जास्त फोन करू देईना, तर तिने पहिल्या नंबरवर फोन लावून डायरीतले बाकीचे सगळे नंबर वाचून दाखवले, सांगितलं, तुम्ही तिकडून सगळ्यांच्या घरी कळवा. स्वतःच्या घरचा नंबर तिने सगळ्यात शेवटी सांगितला. आजोबा त्यावरून तिला नंतर बोललेही होते.

लिहिता लिहिता थोडी शांत झालेय. लोक वाईट नाहीत, हे मलाही कळतं. दोन तास लोकलला लटकून आल्यावर कुणाच्या अंगात त्राण उरत नाही, आणि ‘ही कोण लागून गेली सांगणारी’ हे ऐकायची भीती असते, बाईमाणसाला तर जास्तच. आत्यालाही त्या डब्यात एकजण तसं म्हणालीच होती. तिने तिचाही नंबर लिहून घेतला.

तर आता सोसायटीतल्यांसाठी. एजीएम, म्हणजे सोसायटीची वार्षिक सभा, 30 सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते, आपली येत्या रविवारी आहे. सेक्रेटरीची जागा मार्चपासून रिकामी आहे कारण प्रत्येकालाच वेळ नाही. मी नाव देतेय. एक सूचक, एक अनुमोदक लागेल. ग्रुपवर अंगठा नको, आज संध्याकाळी सातला बी विंगच्या जिन्यापाशी या. आणि सकाळी ज्याने सगळ्यात पहिला व्हिडिओ टाकला त्याने गल्लीतल्या उरलेल्या चेंबरांची तक्रार वॉर्ड ऑफिसला उद्याच द्यायची आणि तक्रार नंबर मला पाठवायचा. पाठपुरावा तूच करायचास.