भाडं निम्मं, खर्च निम्मा नाही

शहर सोडून लहान गावात राहायला गेलं तर फ्लॅट निम्म्या भाड्यात मिळतो, असं एका लेखात वाचलं. मिळतही असेल, पण भाडं म्हणजे सगळा खर्च नव्हे. वर्षभरच राहायचं आणि दलालाला एका महिन्याचं भाडं द्यायचं, म्हणजे तिथेच भाडं ८ टक्क्यांहून जास्त वाढलं की! डिपॉझिट परत मिळतं (रंगकाम आणि गळका नळ वजा जाता), म्हणून सामान लावण्याआधीच भिंतींचे फोटो काढा, मीटरचं रीडिंग लिहून घ्या. पाणी आणि मेंटेनन्स कोण भरणार, तेही करारातच हवं. बस वेळेवर नसेल तर गाडी आली, तिचा हप्ता आणि पेट्रोल लेखात कुठेच नाही. माझी भाड्यातली बचत बरीचशी त्यातच गेली.