धोनीने तो चेंडू ‘मनाचं ऐकून’ दिला नव्हता

आयपीएल तोंडावर आली की एक मेसेज दरवर्षी नव्याने फिरायला लागतो. शब्द इकडचे तिकडे होतात, गोष्ट तीच. २००७च्या टी-ट्वेंटी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात धोनीने अनुभवी हरभजनला बाजूला ठेवलं आणि शेवटचं षटक अनोळखी जोगिंदर शर्माला दिलं, कारण त्याने डोक्याचं नाही, मनाचं ऐकलं! मग खाली उपदेश: विचार करत बसणारे हरतात, आतला आवाज ही जन्मजात देणगी असते, परीक्षेत पहिलं सुचलेलं उत्तर बदलू नका. धोनी मलाही आवडतो. म्हणूनच या मेसेजमधलं एकेक वाक्य जरा तपासून बघू.

‘अनोळखी गोलंदाजावर लावलेला आंधळा डाव.’ २४ सप्टेंबर, जोहान्सबर्ग. पाकिस्तानला शेवटच्या षटकात १३ हव्या होत्या, एकच जोडी उरलेली, पण स्ट्राइकवर मिसबाह. आर. पी. सिंग, श्रीशांत आणि इरफान पठाण यांची चार-चार षटकं टाकून झाली होती. म्हणजे निवड करायला फारसं कुणी उरलंच नव्हतं. हरभजनचं एक षटक शिल्लक होतं खरं, पण सतराव्या षटकात याच मिसबाहने त्याला तीन षटकार ठोकले होते. आणि जोगिंदर? दोनच दिवसांपूर्वी डर्बनला, उपांत्य सामन्यात, ऑस्ट्रेलियाला शेवटच्या षटकात २२ हव्या असताना चेंडू त्याच्याच हातात होता. त्याने त्या षटकात दोन गडी घेतले आणि भारत १५ धावांनी जिंकला. अनोळखी होता तो टीव्हीसमोर बसलेल्या आपल्याला, कप्तानाला नव्हे. सामना संपल्यावर धोनीने कारणही सांगून टाकलं: हरभजनला प्रत्येक चेंडू यॉर्करच पडेल याची पुरती खात्री नव्हती, तेव्हा ज्याला काहीतरी करून दाखवायचंय अशा माणसाला चेंडू द्यावा असं वाटलं. यातलं ‘वाटलं’ तेवढं मेसेजवाल्यांनी उचललं, आधीचं सगळं गाळलं.

‘मनाचं ऐकणारा जिंकतो.’ मग मिसबाहने कुणाचं ऐकलं होतं? पहिलाच चेंडू वाइड. पुढचा निर्धाव. त्यानंतरचा फुल टॉस त्याने सरळ षटकारासाठी भिरकावला. आता ४ चेंडूंत ६ धावा. गोलंदाज संथ, फाइन लेगचा क्षेत्ररक्षक वर्तुळात, मागची सीमारेषा मोकळी. मिसबाह ऑफ स्टंपकडे सरकला आणि चेंडू खांद्यावरून मागे उचलायला गेला. चेंडू लांब जाण्याऐवजी उंच गेला आणि शॉर्ट फाइन लेगला श्रीशांतच्या हातात विसावला. भारत ५ धावांनी जगज्जेता! मिसबाहच्या त्या फटक्यात अंतःप्रेरणा धोनीच्या निर्णयापेक्षा कितीतरी जास्त होती. शिवाय विचार म्हणून बघितलं तर तो वेडगळही नव्हता. चेंडू बॅटवर जरा नीट बसला असता तर चौकार, मग ३ चेंडूंत २ धावा, आणि हाच मेसेज आज लाहोर-कराचीत मिसबाहचा फोटो लावून फिरला असता. हरलेल्याच्या आतल्या आवाजावर कुणी सुविचार लिहीत नाही.

‘विचार केला की वेळ जातो, आणि ही देणगी उपजतच असते.’ पहिला अर्धा भाग मान्य. ताशी १४० किलोमीटरचा चेंडू जेमतेम अर्ध्या सेकंदात फलंदाजापर्यंत येतो. तिथे कसला विचार करणार? पण फलंदाज गोलंदाजाचा हात, मनगट, खांदा वाचून चेंडू कुठे पडणार याचा अंदाज आधीच बांधत असतो, आणि हे वाचन येतं हजारो चेंडू खेळून. उपजत असतं तर कुठेही चाललं असतं. २००४ साली अमेरिकेत एका प्रदर्शनीय सामन्यात जेनी फिंच या सॉफ्टबॉल खेळाडूने अल्बर्ट पुजोल्ससारख्या बेसबॉलच्या दादा फलंदाजाला बाद केलं. तिचा चेंडू त्याच्या नेहमीच्या चेंडूंपेक्षा संथ होता. फक्त तो खालून येत होता, जवळून येत होता, आणि त्या हालचालींची लिपी पुजोल्सला वाचता येत नव्हती.

‘खरे विजेते ऐनवेळी मार्ग काढतात.’ त्याच स्पर्धेतलं उदाहरण घ्या. १४ सप्टेंबरला डर्बनला याच पाकिस्तानशी सामना बरोबरीत सुटला आणि निकाल बोल-आउटवर गेला, म्हणजे समोर फलंदाज नसताना नुसत्या यष्ट्यांवर नेम धरून चेंडू टाकायचा. आपल्याकडून सेहवाग, हरभजन, उथप्पा. तिघांनीही यष्टी उडवल्या. धोनी यष्ट्यांच्या बरोब्बर मागे गुडघ्यावर बसला होता, म्हणजे गोलंदाजाने नेम धरायचा तो थेट त्याच्यावर. तिकडे कामरान अकमल नेहमीच्या जागी, बाजूला उभा. अराफत, गुल आणि आफ्रिदी तिघेही चुकले. आपल्याला तो ऐनवेळचा चमत्कार वाटला. प्रत्यक्षात भारतीय संघ सरावात बोल-आउट खेळून बघत होता, कुणाचा नेम लागतो हे आधीच कळलेलं होतं. म्हणूनच चेंडू उथप्पाच्या हातात होता, एरवी त्याला गोलंदाजी कोण देतं?

‘शेअर घेतानाही आतल्या आवाजाचं ऐका’ अशा अर्थाचं वाक्य मेसेजच्या काही आवृत्त्यांत असतं, त्यावर थोडक्यात. डॅनियल कानेमन आणि गॅरी क्लाइन, एक अंतःप्रेरणेच्या चुका दाखवणारा, दुसरा अग्निशमन दलाच्या अधिकाऱ्यांचे झटपट निर्णय अभ्यासणारा, यांनी २००९ साली मिळून लिहिलं की अशा अंदाजावर विश्वास ठेवायचा तर दोन गोष्टी हव्यात: ज्यात काही नियमितपणा आहे असं क्षेत्र, आणि चुकलं-बरोबर आलं हे पटकन कळेल असा भरपूर सराव. नेट्समध्ये दोन्ही मिळतात. कुठला शेअर वर्षभराने वाढेल याच्या अंदाजात बहुधा एकही नाही.

‘पहिलं उत्तर बदलू नका.’ सगळ्यात जास्त नुकसान करणारं वाक्य हेच, कारण ते एमपीएससीच्या पोरांपर्यंत पोचतं. इलिनॉय विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांवरच्या खाडाखोडी मोजून २००५ साली एक अभ्यास छापून आला. बदललेल्या उत्तरांपैकी साधारण निम्मी चुकीची होती ती बरोबर झाली; बरोबर असून बदलल्यामुळे चुकली ती जेमतेम पाव. तरीही सगळे उलटंच का सांगतात? बरोबर उत्तर खोडून हातचा गुण घालवला की ते झोंबतं आणि वर्षानुवर्षं लक्षात राहतं. खोडून मिळवलेला गुण निकालात मुकाट्याने जमा होतो. पर्याय पुन्हा वाचताना ठोस कारण सापडलं, तर पोरांनो, उत्तर खुशाल बदला. ओएमआरवर गोल काळा करण्याआधी, एवढंच.