रिव्ह्यूअरचे पाच पेपर

परत तेच! जर्नलच्या रिव्ह्यूअरनं, म्हणजे छापण्याआधी पेपर तपासणाऱ्यानं, चार महिने आमचा रिसर्च पेपर दाबून ठेवला आणि रिव्ह्यू काय तर दोन ओळी, मेथडबद्दल अवाक्षर नाही, खाली पाच पेपरची यादी, हे साईट करा, म्हणजे संदर्भ म्हणून द्या, म्हणून, आणि पाचही पेपरात एक नाव कॉमन. अहो दोन वर्षं सॅम्पल गोळा केलेत आम्ही, निदान टेबल तरी वाचा ना! स्वतःचे सायटेशन वाढवायला असं सुचवायचं नाही हे कमिटी ऑन पब्लिकेशन एथिक्सच्या गाईडलाईन्समध्ये स्पष्ट लिहिलंय.

आणि लेखक तरी काय, डेटा न बघितलेल्या साहेबांचं नाव घालायचंच. आयसीएमजेईच्या, म्हणजे मेडिकल जर्नलच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या, 4 अटी आहेत ऑथर व्हायला, चौथी जबाबदारी घेण्याची. उद्या आकडा चुकीचा निघाला तर उत्तर कोण देणार, साहेब? तेव्हा पीएचडीवाल्या पोरीलाच पुढे करतील.