एकाहत्तर वर्षांचा 'किड'

मँचेस्टरला येऊन मला दुसराच महिना होता. वॉर्डात ७८ वर्षांचे एक आजोबा होते, दुपारपासून सारखे घड्याळाकडे बघत होते. म्हणाले, "आवर किड येणार आहे चारला." मला वाटलं, नातू असेल. लहान मूल वॉर्डात येणार म्हणून मी वय विचारलं. म्हणाले, "एकाहत्तर."

चारला काठी टेकत त्यांचा भाऊ आला. ओला कोट खुर्चीवर टाकला, आजोबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "ऑल राइट, आवर किड?" थोरल्यालाही तेच!

उत्तर इंग्लंडात भावाला, कधी बहिणीलाही असंच म्हणतात. नाव घेतलं तरी नुसती सुझन नाही, 'आवर सुझन'. बोलणारा एकटा असला तरी 'माय' नाही, 'आवर'. आपणही 'आमची ताई', 'आमचे हे' असंच म्हणतो की. चाळिशी आली तरी निफाडला माझी आई शेजारणीला 'आमची बाळी तिकडं नर्स आहे' असंच सांगते.

इकडे येण्याआधी क्लासमध्ये आम्हाला सांगितलं होतं, हे अडाणी इंग्रजी, याच्याकडे लक्ष देऊ नका. मला हे अजिबात पटत नाही. बोलू नका म्हणा हवं तर, पण ऐकायला तरी शिकवा! दुखणं असह्य झालेला माणूस 'मदर' म्हणत नाही, 'मॅम' म्हणतो. न्यूकॅसलकडे लेकराला 'बेअर्न' म्हणतात. 'माय ओल्ड मॅन' म्हणजे कुणाचा बाप, कुणाचा नवरा. जवळचा नातेवाईक कोण, हे फॉर्मवर लिहिताना यात चूक झाली तर फोन भलत्यालाच जातो.

लंडनची यमकं जोडायची बोली तर फार जुनी. १८५९ साली जॉन कॅमडन हॉटन यांनी रस्त्यावरच्या शब्दांचा कोश छापला, त्यात या बोलीची वेगळी यादी होती. 'वाइफ'ला यमक म्हणून 'ट्रबल अँड स्ट्राइफ', म्हणजे कटकट आणि भांडण. घरात हसत म्हटलं तर मी समजू शकते. पण 'बॉल अँड चेन'? कैद्याच्या पायातली बेडी आणि गोळा! बायकोसाठीचा हा शब्द आपली मुलं रील्समधून उचलतात, याचं मला फार वाईट वाटतं. त्यात माया नाही.

घरी सोडलं त्या दिवशी आजोबांनी मला विचारलं, "तुझा आवर किड कुठे असतो गं?"

म्हटलं, "निफाडला. द्राक्षाची बाग बघतो."