गोट इज नॉट ईटिंग

दहावीची इंग्रजीची तोंडी आज संपली एकदाची. 61 पोरं, तीन दिवस, आणि मधेच ऑफिसातून निरोप, सर मार्कांची शीट आजच द्या. घसा बसलाय, पण झोप येत नाहीये म्हणून लिहितोय. कुणाला लागलं तर राग मानू नका, कारण सगळ्यात आधी मी माझेच कान धरणारे.

पहिल्या दिवशी वर्गातली हुशार मुलगी आली. विषय झाडांचं महत्त्व. दोन मिनिटं सलग बोलली, एक चूक नाही, ऑक्सिजन, ग्लोबल वॉर्मिंग, सेव्ह ट्रीज सेव्ह अर्थ, सगळं आलं. मी म्हटलं, व्हेरी गुड, नाऊ टेल मी, विच ट्री इज देअर निअर युवर हाऊस? पोरगी गप्प. माझ्याकडं असं बघतीय की मी सिलॅबसबाहेरचं विचारलं. शेवटी मराठीत म्हणाली, "सर, एवढंच केलंय."

तिच्यानंतर सात-आठ नंबरांनी शेवटच्या बाकावरचा एक आला. हा वर्षभर माझ्या तासाला खिडकीबाहेर बघतो. पाठ काही केलेलंच नव्हतं, त्यामुळं मी म्हटलं चल, घरी काय चाललंय ते सांग, मोडकंतोडकं चालेल. जरा वेळ बूट घासत उभा राहिला आणि म्हणाला, "सर, माय गोट इज नॉट ईटिंग टू डेज." व्हाय? "स्टमक इज…" शब्द सापडेना, मग दोन्ही हातांनी पोट फुगलेलं दाखवलं, "बिग लाईक बॉल. मदर गिव्ह ऑइल." अँड नाऊ? "नाऊ लिटिल लिटिल ईटिंग." मी हसलो तसा याला धीर आला, मलाच विचारतोय, "सर, यू हॅव गोट?"

आता मला सांगा, या दोघांत इंग्रजी कोण बोललं?

मी गेली 20 वर्षं मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवतोय आणि खरं सांगायचं तर अशा मुलीला 20 पैकी 19 आणि अशा मुलाला 12, हेच करत आलोय. का? कारण तिच्या बोलण्यात लाल शाईनं गोल करण्यासारखं काही नसायचं आणि याच्या प्रत्येक वाक्यात असायचं. म्हणजे मी बोलणं तपासतच नव्हतो, चुका मोजत होतो, आणि जो तोंडच उघडत नाही त्याच्या चुका कमी भरणारच की. अर्थात 12 हा आकडाही धर्मादायच, कारण तोंडीचे 20 शाळेच्या हातात असतात आणि त्यांच्यावर निकाल तरतो हे न कळण्याइतकं कुणी दूधखुळं नाही. आठवत असेल, 2019 ला भाषांचे हे शाळेकडचे मार्क काढून टाकले होते, तर राज्याचा दहावीचा निकाल आदल्या वर्षीच्या 89.41 टक्क्यांवरून 77.10 वर आला. मग ओरड झाली आणि पुढच्याच वर्षी मार्क परत आले. त्या गोंधळात मार्क असावेत की नसावेत यावर सगळे बोलले, पण त्या 20 मार्कांसाठी पोराला खरंच बोलायला लावतो का आपण, हे कुणी विचारल्याचं मला तरी आठवत नाही. स्टाफरूममध्ये तर नाहीच नाही.

लिहिण्याचं तर बोलायलाच नको. पत्राचे 5 मार्क. सात-आठ वर्षांपूर्वी आमच्या सहामाहीला आलं होतं, गावातल्या तुंबलेल्या गटाराबद्दल तक्रारीचं पत्र लिहा. गठ्ठ्यातली पंधरा-वीस पत्रं एकसारखी, आय वुड लाईक टू ड्रॉ युवर काइंड अटेन्शन, मॉस्क्विटो मेनेस, डू द नीडफुल. क्लासच्या नोटसमधलं कॉमासकट. आणि एका पोरीनं लिहिलं होतं (जसं आठवतंय तसं देतो): "सर, गटर वॉटर इज कम इन अवर किचन. माय ग्रँडमदर स्लीप देअर. शी कॅनॉट क्लाइंब ऑन कॉट. प्लीज सेंड मॅन बिफोर रेन." मी तिला दोन दिले होते. पाठ केलेल्यांना साडेचार. ती पोरगी कधी विचारायला आली नाही, पण तो पेपर माझ्या डोक्यातून जात नाही, कारण ग्रामपंचायतीतल्या माणसाच्या हातात ही दोन्ही पत्रं दिली तर तो उठून कुठल्या घरी जाईल हे सांगायला इंग्रजीचा शिक्षक लागत नाही.

म्हणजे चुका सोडून द्यायच्या का? तसं अजिबात म्हणत नाहीये. पण चूक आणि चूक यात फरक असतो राव. आपल्या मराठीत अ, अॅन, द असली भानगडच नाही, त्यामुळं पोरं ती खातात, खाऊ दे, आय सॉ डॉग म्हटल्यानं कुत्रं काही गायब होत नाही. "मीच केलं" मधल्या "च"साठी आय ओन्ली डिड म्हणतात, तेही समजतं. पण "तो म्हणाला मी येतो" याचं पोरं काय करतात? ही सेड दॅट आय अॅम कमिंग. मराठीत बरोबर आहे, आपल्याकडं बोललेलं वाक्य जसंच्या तसं उचलून ठेवायची पद्धतच आहे. इंग्रजीत मात्र येणारा माणूसच बदलला! मामा येणार होता, आता तूच निघालास. ही चूक महागात पडते, हिच्यावर वेळ घालवायला पाहिजे, आणि आम्ही काय करतो तर दोन्हीला सारखाच अर्धा मार्क कापतो. ऐकणाऱ्याला, वाचणाऱ्याला चूक कुठं अडकवते ते बघून मार्क द्यायचे हे मला बीएडला कुणी सांगितलं असेल तर मी त्या दिवशी गैरहजर असणार.

मला हे कळलं भाचीमुळं. ती नर्स आहे, मुंबईत आयसीयूला, परदेशात जायचं म्हणून ओईटीची परीक्षा देत होती. डॉक्टर-नर्स लोकांसाठीची इंग्रजीची परीक्षा, ऑस्ट्रेलियात तयार झालेली. बारावीला इंग्रजीत 80 च्या वर होते तिला, माझीच विद्यार्थिनी, मी निर्धास्त. रायटिंगमध्ये अडकली. फोनवर म्हणाली, "मामा, ग्रामरमुळं नाही गेलं बहुतेक, जास्त लिहिलं म्हणून गेलंय."

झालेलं असं की त्या परीक्षेत पेशंटची माहिती देतात, पान-दीड पान, आणि त्यावरून पुढच्या डॉक्टरला किंवा घरी जाऊन बघणाऱ्या नर्सला 180 ते 200 शब्दांत पत्र लिहायचं. पाच मिनिटं वाचायला, चाळीस लिहायला. त्या माहितीत मुद्दाम नको त्या गोष्टीही असतात, दहा वर्षांपूर्वीचं अपेंडिक्स वगैरे. हिनं सगळं घातलं. का घातलं? कारण मामानं आयुष्यभर शिकवलं, बाळा पान भरून लिही, मार्क पडतात! तिकडं तपासायचे मुद्दे सहा, पत्र कशासाठी लिहिलंय ते लगेच कळतं का, हवं ते आलंय का, नको ते गाळलंय का, सूर बरोबर आहे का, मांडणी कशी आहे, आणि सहावा मुद्दा भाषा. सहातला एक! आमच्याकडं उरलेले पाच कुणाच्या गावीच नाहीत.

बोलण्याची परीक्षा तर अजून भारी. समोरचा माणूस पेशंट होतो नाहीतर पेशंटचा नातेवाईक, चिडलेला, घाबरलेला, आणि तुम्ही नर्स. पाच-पाच मिनिटांचे दोन प्रसंग. समोरचा मार्क देतच नाही, रेकॉर्डिंग जातं आणि दुसरेच लोक ऐकून मार्क देतात. आपला मराठी हेल चालतो, फक्त बोललेलं समजलं पाहिजे. आणि मार्क कशाला, तर घाबरलेल्या माणसाचं आधी ऐकून घेतलं का, कठीण शब्द सोपा करून सांगितला का, यालासुद्धा. भाची त्यात पहिल्या फटक्यात पास. वॉर्डात रोज तेच करते ना, मराठी-हिंदीत. (फी बघितली तर मात्र डोळे पांढरे होतात, ते वेगळंच रडगाणं आहे.)

आता कुणीतरी म्हणेल, सर, असं तपासायला बसलो तर प्रत्येकाचे मार्क वेगळे येतील, व्याकरणात निदान एकवाक्यता असते. असते का खरंच? अमेरिकेत 1912 साली स्टार्च आणि एलियट या दोघांनी इंग्रजीची एकच उत्तरपत्रिका शंभरावर शिक्षकांकडून तपासून घेतली होती. 100 पैकी कुणी 64 दिले, कुणी 98. पेपर तोच, पोरगं तेच. आपल्याकडं तर गठ्ठ्यातला पहिला पेपर सकाळचा, शेवटचा रात्री साडेदहाचा, आणि अक्षर चांगलं असलं की आपला हात आपोआप सैल होतो, नाही म्हणू नका.

म्हणून यंदा एक उद्योग केला. दहा पोरांची तोंडी मोबाईलवर रेकॉर्ड केली, पोरांना विचारून, आणि शेजारच्या गावच्या शाळेतल्या एका मॅडमना पाठवली. नावं नाहीत, मार्क नाहीत, नुसते आवाज. आधी दोघांनी फोनवर ठरवलं काय ऐकायचं ते: समजलं का, विचारलेल्याला उत्तर दिलं का, शब्द अडल्यावर गप्प बसला की वाट काढली. बस्स, तीनच. सात पोरांत आमचा फरक एक-दोन मार्कांचा आला. दोघांत चारचा. आणि शेळीवाल्याला मी घाबरत घाबरत 16 दिले होते, मॅडमनी 18. वर मेसेज, "सर, शेळी वाचली का?"

वाचली. आज सकाळी त्याला गेटवरच गाठून विचारलं. "फुल ईटिंग सर," म्हणाला आणि पळाला. हुशार मुलीला पण आज परत बोलावलं होतं, म्हटलं झाडांचं राहू दे, डब्यात काय आणलंस ते सांग. चार वाक्यं बोलली, त्यात दोन चुका केल्या, आणि दुसऱ्या चुकीला स्वतःच हसली. शीटवर तिचा आकडा अजून घातलेला नाही, ऑफिसला उद्या देतो म्हणून सांगितलंय.