‘विज्ञानात बाई-पुरुष कशाला आणता?’ या मेसेजला उत्तर

गेले काही आठवडे एक मेसेज ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. आधी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर दिसला, मग प्राध्यापकांच्या, आणि परवा एका सहकाऱ्याने ‘विचार करण्यासारखं आहे’ एवढंच लिहून मला पाठवला. मजकूर थोडक्यात असा: विज्ञान आणि अभियांत्रिकीतल्या प्राध्यापिकांसाठी विद्यापीठं वेगळे संशोधन पुरस्कार आणि अनुदानं ठेवतात, ही गुणवत्तेची थट्टा आहे. परीक्षक प्रस्ताव बघतात, अर्जदार बाई की पुरुष हे बघत नाहीत. सर्वसाधारण अनुदानं बायकांना आता पुरुषांइतकीच मिळतात. मुलांमुळे खंड पडतो म्हणावं, तर बापही रजा घेतात. अशा पुरस्कारांनी दर्जा घसरतो, पुरुषांच्या वाट्याचे पैसे जातात, आणि खऱ्या हुशार बाईचा तर तो अपमानच असतो.

मी स्वतः अशा अनुदानासाठी अर्ज केलेले आहेत, आणि नंतर निवड समितीत टेबलाच्या पलीकडेही बसले आहे. म्हणून एकेक मुद्दा घेते.

‘परीक्षक प्रस्ताव बघतात, अर्जदार नाही.’

हे खरं असतं तर फार बरं झालं असतं. कॅनडाच्या सरकारी आरोग्य संशोधन निधी संस्थेने नकळत याची परीक्षाच घेतली. संस्थेने आपली जुनी योजना मोडून दोन नव्या योजना केल्या. एकीत परीक्षकांनी मुख्यतः प्रस्तावातलं विज्ञान तोलायचं होतं, दुसरीत मुख्यतः संशोधकाची योग्यता. 2011 ते 2016 या काळातले जवळजवळ 24 हजार अर्ज नंतर तपासले गेले आणि 2019 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले. वय आणि विषय यांचा हिशेब धरल्यावर, विज्ञान तोललं तेव्हा स्त्री-पुरुषांच्या यशात एका टक्क्याहूनही कमी फरक होता. माणूस तोलला तेव्हा तो चार टक्क्यांवर गेला. एकूण अर्जांपैकी 16 टक्केही मंजूर होत नव्हते, तिथे चार टक्के म्हणजे किती, हे ज्याचा अर्ज कधी थोडक्यात हुकला आहे त्याला सांगायला नको. कागदावरच्या कल्पना तोडीस तोड होत्या. ‘ही बाई हे पेलेल का’ हा प्रश्न मध्ये आला आणि गुण घसरले.

त्याआधी 1997 साली स्वीडनच्या क्रिस्टीन वेनेरोस आणि आग्नेस वोल्ड यांनी ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात तिथल्या वैद्यकीय संशोधन परिषदेचे आकडे मांडले होते. परीक्षकांनी दिलेले गुण गोपनीय होते, ते त्यांना कायदेशीर लढाई करून मिळवावे लागले. पोस्टडॉक (पीएचडीनंतरच्या संशोधनासाठीच्या) फेलोशिपच्या 114 अर्जदारांत 62 पुरुष होते आणि 52 स्त्रिया. फेलोशिप मिळाल्या 20, त्यांतल्या 16 पुरुषांना. योग्यतेचे तेवढेच गुण मिळवायला बाईला सरासरी पुरुषाच्या अडीच पट काम दाखवावं लागत होतं.

आता प्रामाणिकपणे पुढचंही सांगायला हवं. तिथल्याच 2004 च्या अर्जांवर नंतर अभ्यास झाला, त्यात बायकांना कमी गुण दिलेले आढळले नाहीत, उलट थोडं झुकतं मापच दिसलं. ओळखीच्या माणसाला झुकतं माप मात्र तसंच होतं. बायकांना अनुदान कमी मिळतं असं सांगणारा, नेदरलँड्सच्या आकड्यांवरचा एक बराच गाजलेला निबंध 2015 साली आला, पण विषयवार फोड केली की त्याचा निष्कर्ष डळमळतो, म्हणून मी तो पुराव्यात धरत नाही. एवढं पाखडूनही कॅनडाचा पुरावा उरतो.

यावर कुणी म्हणेल, मग नावं झाका. झाकावीत, जिथे झाकता येतात तिथे. अवकाशातल्या हबल दुर्बिणीचा वेळ वाटताना 2018 पासून प्रस्तावावरची नावं काढली. त्या पहिल्याच फेरीत स्त्रियांच्या नेतृत्वाखालच्या प्रस्तावांच्या यशाचं प्रमाण पुरुषांच्या किंचित पुढे गेलं, आधीच्या दीड दशकाहून अधिक काळात ते सतत मागे होतं. पण दुर्बिणीचा वेळ मागणं वेगळं आणि प्रयोगशाळा उभी करायला पैसे मागणं वेगळं. इथे आधीचं काम, हाताशी असलेली यंत्रं, विद्यार्थी, सगळं दाखवावंच लागतं. माणूस झाकता येत नाही.

‘सर्वसाधारण निधीतून आता सारखंच मिळतं.’

या मुद्द्यात अर्धं सत्य आहे, म्हणून इथे जरा थांबते. वेगवेगळ्या देशांतले अनेक अभ्यास एकत्र करून 2023 साली जो आढावा आला, त्यात पहिल्या अर्जाच्या यशाचं प्रमाण स्त्री-पुरुषांचं साधारण सारखंच निघालं. मेसेज लिहिणाऱ्याला हे कुठून तरी कळलेलं असावं. पण त्याच आढाव्यात आणखी दोन गोष्टी आहेत: बायकांना मंजूर झालेल्या रकमा लहान असतात, आणि एकदा नकार आल्यावर त्या पुन्हा अर्ज कमी वेळा करतात.

रकमांचं बघा. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांकडून पहिल्यांदाच अनुदान मिळालेल्या मुख्य संशोधकांची 2006 ते 2017 ची आकडेवारी 2019 मध्ये प्रसिद्ध झाली. मधली रक्कम (निम्म्यांना याहून जास्त, निम्म्यांना कमी) पुरुषांची 1,65,721 डॉलर, स्त्रियांची 1,26,615 डॉलर. आणि हे झालं सरकारी अनुदानाचं, जिथे निदान अर्ज, गुण आणि नोंद असते. विद्यापीठाचे स्वतःचे पैसे, म्हणजे नव्या प्राध्यापकाला रुजू होताना प्रयोगशाळा मांडायला मिळणारी रक्कम, ही बहुतेक वेळा विभागप्रमुखाच्या खोलीत बसून ठरते. अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागातल्या संस्थांतल्या तरुण जैववैद्यक संशोधकांची ही रक्कम 2015 साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. पुरुषांची मधली रक्कम 8,89,000 डॉलर, स्त्रियांची 3,50,000. त्या तेव्हा नुकत्या रुजू झालेल्या. काम चांगलं की वाईट हे ठरायला अजून काही घडलेलंच नव्हतं.

नॅन्सी हॉपकिन्स यांची गोष्ट इथेच सांगायला हवी. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेत त्या कायम नेमणुकीवरच्या प्राध्यापिका होत्या, कर्करोगावरच्या कामात नाव झालेल्या. पुढे त्या झेब्राफिश या इवल्याशा माशांवर काम करू लागल्या, आणि टाक्या ठेवायला त्यांना 200 चौरस फूट जागा जास्त हवी होती. ती मिळेना. तुमच्याकडे इतरांइतकीच जागा आहे, असं उत्तर. तेव्हा त्या मोजपट्टी घेऊन रात्री इमारतीत फिरल्या आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगशाळा एकेक करून मोजल्या. हॉपकिन्स यांच्याकडेच कमी जागा होती, आपल्याहून कनिष्ठ पुरुषांपेक्षाही. मग त्यांनी विज्ञान शाखेतल्या इतर ज्येष्ठ प्राध्यापिकांना गाठलं. अख्ख्या शाखेत कायम झालेल्या बायका त्या वेळी 15 होत्या. प्रत्येकीला वाटत होतं की हे आपल्या एकटीच्याच बाबतीत होतंय. 1999 साली एमआयटीने स्वतःच अहवाल काढून पगार, जागा, निधी यांतली तफावत मान्य केली. मला या गोष्टीत अहवालापेक्षा ती मोजपट्टी जास्त महत्त्वाची वाटते. ती हातात घेईपर्यंत हॉपकिन्स यांच्याकडे फक्त एक तक्रार होती, आणि तक्रारीला ‘तुमचा गैरसमज’ म्हणता येतं.

लहान रकमेने एवढं काय बिघडतं? पुढचं सगळंच. विज्ञानात पैशाकडे पैसा जातो. नेदरलँड्समध्येच तरुण संशोधकांच्या अनुदानाचा एक अभ्यास 2018 साली आला. कटऑफच्या जरा वर असलेले आणि जरा खाली राहिलेले, म्हणजे गुणवत्तेने जवळपास एकाच पातळीचे लोक त्यात घेतले होते. पुढच्या आठ वर्षांत वरच्यांनी खालच्यांच्या दुपटीहून जास्त निधी मिळवला. याचं एक कारण असं की खालच्यांनी पुढे अर्ज करणंच कमी केलं. पहिलं अनुदान आलं की प्रकल्पावर माणूस नेमता येतो, माणूस आला की निष्कर्ष येतात, निष्कर्षांवर शोधनिबंध, आणि त्याच्या जोरावर दुसरा अर्ज. पहिलंच हुकलं किंवा अपुरं पडलं की सगळं गाडं तिथेच रुततं. विद्यापीठाचं प्राध्यापिकांसाठीचं छोटं अनुदान नेमकं या जागी लागतं. एका विद्यार्थिनीचा वर्षभराचा खर्च, यंत्राचा एखादा सुटा भाग, दुसऱ्या संस्थेत जाऊन नमुने तपासून आणण्याची फी, एवढंच त्यात भागतं. त्यावर पुढचा मोठा अर्ज उभा राहतो.

‘मुलांसाठी बापही रजा घेतात, मग सवलत सगळ्यांना सारखी द्या.’

दिली गेली, आणि काय झालं तेही मोजलं गेलं. अमेरिकेतल्या अव्वल 50 अर्थशास्त्र विभागांत मूल झाल्यावर कायम नेमणुकीसाठी स्वतःला सिद्ध करायची मुदत आई-बाप दोघांनाही सारखीच वाढवून देण्याचं धोरण अनेक ठिकाणी आलं. त्याचा 2018 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की या धोरणानंतर तिथे पुरुष कायम होण्याचं प्रमाण वाढलं आणि स्त्रियांचं घटलं. वाढीव वर्षात पुरुषांनी बड्या नियतकालिकांत जास्त निबंध छापले, बायकांचे वाढले नाहीत. म्हणजे कागदावरची सवलत तीच, पण ज्याच्या हाती खरोखर मोकळा वेळ आला त्यालाच ती फळली. जे बाप खरंच मूल सांभाळतात त्यांनाही सवलत मिळावी, याबद्दल माझं दुमत नाही. संशोधन अनुदानं देणारी युरोपियन रिसर्च कौन्सिल याची वाट काढते: आईला प्रत्येक मुलामागे 18 महिने अर्जाच्या पात्रतेची मुदत वाढते, बापाला त्याने प्रत्यक्ष घेतलेल्या रजेइतकी.

एका निवड समितीत माझ्यासमोर दोन फायली होत्या. दोघांच्याही यादीत तीन वर्षं निबंध नव्हता. तो त्या काळात एका कंपनीत होता. टेबलावर कुणीतरी म्हणालं, ‘बाहेरचा अनुभव आहे.’ तिला त्या काळात मूल झालं होतं. त्याच आवाजात पुढचं वाक्य आलं, ‘इथे खंड दिसतोय.’ बोलणारा माणूस दुष्ट नव्हता. आणि मी ते ऐकून लगेच काही बोलले नाही, हे मला आजही लागतं. बोलले ती चहानंतर, तोवर गुण भरून झाले होते.

‘दर्जा घसरतो.’

फक्त स्त्रियांसाठी असलेल्या पुरस्कारांत जगभर सर्वांत माहीत असलेला म्हणजे लॉरिआल ही सौंदर्यप्रसाधनांची कंपनी आणि युनेस्को यांचा, 1998 पासूनचा. त्याच्या मानकऱ्यांत एलिझाबेथ ब्लॅकबर्न आणि एडा योनाथ आहेत, दोघींना तो 2008 साली मिळाला आणि नोबेल 2009 साली. ॲन लुइलिए यांना 2011 साली, नोबेल 2023 साली. जेनिफर डाउडना आणि एमान्युएल शार्पांतिए यांना 2016 साली, नोबेल 2020 साली. कातालिन कारिको यांना 2022 साली, नोबेल पुढच्याच वर्षी. हा पुरस्कार मिळाला म्हणून त्यांना नोबेल मिळालं, असं मी म्हणत नाही. मात्र बायकांच्या यादीतून निवडलं की दुय्यम माणसं हाती लागतात, हे म्हणणं या नावांपुढे टिकत नाही. कारिको यांना तर विद्यापीठाने पूर्वी निधी मिळत नाही म्हणून खालच्या पदावर आणलं होतं. तेव्हा गुणवत्ता कुठे गेली नव्हती. ती ओळखणारा निधी नव्हता.

‘पुरुषांच्या वाट्याचे पैसे जातात.’

यावर फार वेळ घालवत नाही. यातले अनेक निधी देणगीतून आलेले आहेत आणि देणगीदाराने ते त्याच कामासाठी दिले आहेत. अमेरिकेतला क्लेअर बूथ लूस यांचा निधी त्यांच्या मृत्युपत्रातून आला, विज्ञान-अभियांत्रिकीतल्या स्त्रियांसाठीच. तो कुणाच्या ताटातून काढलेला नाही. नोकरीच्या जागा राखून ठेवणं ही निराळी गोष्ट. नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनच्या तंत्रविद्यापीठाने 2019 साली अध्यापक-संशोधकांच्या सगळ्या कायम जागा पहिले सहा महिने फक्त स्त्रियांसाठी खुल्या ठेवल्या, तेव्हा तिथल्या मानवी हक्क संस्थेने ते जास्त सरसकट ठरवलं आणि योजना बदलावी लागली. त्यावर वाद घाला, जरूर. पण संशोधन अनुदानाच्या गळ्यात तो बांधू नका.

‘हुशार बाईचा हा अपमान आहे.’

सगळ्या मेसेजमध्ये मला हाच मुद्दा टोचला, कारण तो मी प्राध्यापिकांच्या तोंडूनही ऐकलाय. ‘तुला बायकांचं मिळालं ना?’ हा प्रश्न मलाही विचारला गेलाय आणि तो विसरता येत नाही. पण अपमान कशात आहे ते नीट बघू या. भौतिकशास्त्रज्ञ मारिया गेपर्ट-मायर यांनी जॉन्स हॉपकिन्स आणि शिकागो विद्यापीठांत वर्षानुवर्षं पगाराविना काम केलं, कारण नवरा तिथेच प्राध्यापक होता. पगारी पूर्ण प्राध्यापकपद त्यांना 1960 साली मिळालं, आणि नोबेल 1963 साली, तेही त्याआधी दहाएक वर्षांपूर्वीच करून ठेवलेल्या कामासाठी. अपमान तो होता.

तरीही ज्या प्राध्यापिकांना हे नाव खटकतं त्यांचं ऐकायला हवं, कारण काही विद्यापीठं खरंच असे पुरस्कार समारंभापुरते देतात. शाल, फोटो, आणि एवढीशी रक्कम की तिच्यात एक विद्यार्थिनीही पोसली जात नाही. अशा पुरस्काराचा मलाही राग येतो. इलाज म्हणून तो बंद करण्याची काही गरज नाही. रक्कम निदान दोन-तीन वर्षं पुरेल एवढी करा. निवड बाहेरच्या परीक्षकांकडून करून घ्या आणि निकष जाहीर करा. पैसे कशावर खर्चायचे ते तिला ठरवू द्या, पाळणाघरावरसुद्धा. नोबेल मिळालेल्या क्रिस्तिआने न्यूस्लाइन-फोलहार्ड यांनी 2004 साली जर्मनीत जी संस्था काढली, ती मुलं असलेल्या तरुण संशोधक स्त्रियांना घरकामाला आणि मुलं सांभाळायला माणूस ठेवता यावा म्हणूनच पैसे देते. प्रयोगशाळेत संध्याकाळचे दोन तास सुटले तर काय सुटतं, हे त्यांना ठाऊक होतं.

मेसेज पाठवणाऱ्या सहकाऱ्याला मी हे सगळं लिहिलं आणि सोबत एक विनंती केली: आपल्या विभागात गेल्या दहा वर्षांत रुजू झालेल्या प्रत्येकाला किती रक्कम आणि किती चौरस फूट जागा मिळाली, ते कार्यालयाकडे आपण दोघांच्या सहीने लेखी मागू या. तो हो म्हणाला आहे. अर्ज सोमवारी जाईल.